सही वारली तो आठवडा

गुरुवारी डॉक्टर प्रुएट गेले,
इथून सत्तर मैलांवर,
स्वतःच्या स्वयंपाकघरात, टोस्ट जळत असताना.
माणूस भला. चार वर्षांत दोनदा आला,
दुसऱ्यांदा रस्ता चुकून.

मी लोरीनच्या दवाखान्यात फोन उचलते.
पूर्वी इथं टपाल कचेरी होती;
पितळी दारांच्या खणांत आता
गावाचे रक्तदाब राहतात.
चौऱ्याहत्तर नंबरात ओरव्हिल टॅकेट:
त्याची साखर, त्याचा हट्ट,
आणि डाव्या पायाचा अंगठा,
लोरीननं टिकवलेला,
दर मंगळवारी त्याच्यासमोर गुडघे टेकून.

नदीवर पूल आहे. पलीकडे आयोवा.
तिथल्या नर्सबाई स्वतःच्या नावानं औषध लिहितात.
इकडे मिझुरीत, तीच पदवी, तेवढीच वर्षं,
आणि खाली कुण्या डॉक्टरची सही हवी.
पुलाच्या मधोमध हिरवी पाटी आहे.
शहाणपण तिथं गाडीतून उतरतं
आणि बाई तेवढी घरी येते.

शुक्रवारी वकिलाचा फोन आला:
मयताबरोबर करारही संपला.
लोरीननं स्टेथोस्कोप खुंटीला अडकवला.
मग परत काढला, पुसला,
परत अडकवला.

सोमवारी अकरा जण.
मी दारात उभी, एकच वाक्य अकरा वेळा:
बाई आहेत, पण बाई नाहीत.
डेल्फा क्रॅबट्री म्हणाली,
अगं, ती काय समोर कॉफी ओततेय!
म्हटलं, हो. कॉफीला सही लागत नाही.

ओरव्हिल आला तो तापलेलाच.
त्याच्या गोळ्या बुधवारपर्यंतच्या,
आणि मोठ्या इस्पितळात तारीख मिळाली
अठ्ठावीस एप्रिलची. तेव्हा फेब्रुवारी होता.
"हाताला गुण असतो बाई," तो मला म्हणाला,
"सहीला गुण असल्याचं
ऐकलंय का कुणी?"

लोरीन बाहेर पायरीवर त्याच्याशेजारी बसली.
नदीवरच्या बर्फाबद्दल बोलली, त्याच्या कुत्रीबद्दल.
मी काचेतून पाहत होते.
नजर त्याच्या डाव्या बुटावर,
आणि दोन्ही हात
स्वतःच्या मांड्यांखाली दाबलेले.

अकराव्या दिवशी नवी सही मिळाली.
महिना नऊशे डॉलर.
नवे डॉक्टर फोनवर अदबीनं बोलले,
गावाचं नाव तीनदा विचारलं,
आणि स्पेलिंग.

अंगठा नवव्या दिवशी गेला होता.

मार्चमध्ये आम्ही राजधानीला गेलो, विधेयकाच्या सुनावणीला.
तिच्या वाट्याला तीन मिनिटं.
तिनं ओरव्हिलचं नाव घेतलं नाही,
नुसता खण क्रमांक सांगितला.
निळ्या टायचे एक सभासद म्हणाले,
प्रश्न रुग्णांच्या सुरक्षेचा आहे.
तेव्हा ती थांबली. तिला घाई माहीत नाही,
तापलेल्या पोराच्या छातीला कान लावावा तशी थांबली,
आणि त्यातच अर्धं मिनिट गेलं.
"साहेब, डॉक्टर प्रुएट गेले त्या दुपारी
माझ्या डोक्यातलं
नेमकं काय गेलं?"
लाल दिवा लागला.
पुढचं नाव पुकारलं.

विधेयक समितीतच झोपलं.
परतीच्या वाटेवर लोरीन एवढंच म्हणाली,
त्या टायवाल्यांचा श्वास जरा अडकतो,
दाखवून घ्यायला हवा त्यांनी कुणाला तरी.

आता मंगळवारी फॅक्स येतो.
सही झोकदार, शेपटी लांब,
एका बाजूला थोडी कापलेली.
मी ती चौऱ्याहत्तर नंबरात ठेवते.
आत लोरीन गुडघे टेकून
ओरव्हिलच्या डाव्या पायाची बोटं मोजते,
एकेक, मोठ्यानं,
चारावर आली की
परत पहिल्यापासून.